बसायला जागा

ताई, सलाम.

मी कोल्हापुरातल्या एका मंडळीत वडील आहे. फौंड्रीत नोकरी करतो. बारा वर्षं प्यायलो. आता सहा वर्षं झाली, थेंब घेतलेला नाही. ए.ए.च्या मीटिंगांनी आणि प्रभूच्या कृपेनं उभा राहिलो. दारूतून बाहेर पडू पाहणाऱ्यांसाठी आमच्या चर्चच्या हॉलमध्ये आठवड्यातून एकदा संगती सुरू करावी, अशी माझी फार इच्छा आहे. पण पंचांची ना आहे. एक म्हणतात, दारुडे आवारात आले तर लेकीबाळींनी यायचं कसं? दुसरे म्हणतात, प्रार्थना पुरेशी आहे, डॉक्टरच्या गोळ्या घेणं म्हणजे विश्वास कमी. तिसरे म्हणतात, बाहेरचे लोक आले तर धर्मांतराचा आळ येईल.

आणि एक गोष्ट मला आतून खाते आहे. मंडळीतल्या एका तरुणाला मी मीटिंगला नेत होतो. तीन महिने तो प्यायला नाही. नाताळच्या उपासनेत आम्ही त्याला साक्ष द्यायला पुढं उभं केलं. सगळे रडले, टाळ्या वाजल्या. जानेवारीत तो पुन्हा प्यायला लागला, आणि तेव्हापासून त्याचं पाऊल चर्चमध्ये पडलेलं नाही. उद्यमनगरात मला लांबून बघितलं की गल्ली बदलतो. आमचं चुकलं का? आणि सुरुवात कुठून करू?

— एक वडील, कोल्हापूर


भाऊ, सलाम.

इतर वाचकांसाठी एवढंच सांगते, की मंडळी म्हणजे एका चर्चचा समाज आणि वडील म्हणजे त्या समाजानं निवडलेला पंच. साक्ष म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांसमोर सांगणं. आणि ए.ए. म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांना आधार द्यायला चालवलेली संगती. आता तुमच्याकडं वळते.

तुम्ही शेवटी विचारलेलं मी आधी घेते. हो, चुकलं. त्या पोराला पुढं उभं करताना तुमचा ऊर भरून आला असणार. माझाही आला असता. पण तीन महिने म्हणजे काय, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तीन महिन्यांत हाताची थरथर जाते, तोंडावर तजेला येतो, घरचे पुन्हा पैसे हातात द्यायला लागतात. झोप मात्र अजून मार्गी लागलेली नसते. राग आला की त्याचं करायचं काय, हे उमगलेलं नसतं. अशा माणसाच्या हातात माइक आला आणि पंधरा मिनिटांत तो सगळ्यांच्या लेखी 'सुटलेला' झाला. मग जानेवारीत पहिला पेला उचलला तेव्हा नाताळची ती सकाळ, आईनं पदरानं पुसलेले डोळे, पाळकसाहेबांनी खांद्यावर ठेवलेला हात, सगळंच त्याच्याबरोबर खाली आलं. एरवी घसरलेला माणूस पुढच्या आठवड्यात येऊन म्हणाला असता, 'घसरलो.' त्याला ते म्हणायची सोय आपण ठेवली नाही.

साक्ष देणं ही आपल्या मंडळ्यांची जुनी, चांगली रीत आहे. ती मोडा असं मी म्हणणार नाही. पण ज्याची लढाई अजून चालू आहे त्याच्याकडून जिंकल्याची बातमी मागू नका. निदान दोन वर्षं कुणालाही व्यासपीठावर नेऊ नका, त्यानं स्वतः मागितलं तरी. मागणाऱ्याला तर जास्तच थांबवा. बोलायचं ते दर आठवड्याला, खुर्चीवर बसून, आठ-दहा जणांत, त्या आठवड्यापुरतं.

तुम्ही ए.ए.मधले आहात, म्हणून तुम्हाला ठाऊक असलेलीच एक गोष्ट पुन्हा आठवून देते. तुमच्या पंचांनाही ती सांगा. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअर बाजारातला माणूस ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी एका हॉटेलच्या दिवाणखान्यात अस्वस्थ फेऱ्या मारत होता. दारू सोडून त्याला पाचेक महिने झाले होते, धंद्याचं काम फसलं होतं, आणि एका बाजूनं बारमधल्या हसण्याखिदळण्याचे आवाज येत होते. दुसऱ्या बाजूला गावातल्या चर्चची यादी लावलेली होती. त्यानं त्या यादीतल्या एका पाळकाला फोन केला आणि आपल्यासारख्याच एखाद्या पिणाऱ्याशी गाठ घालून द्या म्हणाला. त्या फोनमधून पुढं त्याची डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी भेट झाली. दोघं कित्येक तास बोलत बसले. डॉक्टरांची दारू सुटली. आणि काही आठवड्यांत डॉक्टर वैद्यकीय परिषदेसाठी अटलांटिक सिटीला गेले ते पिऊनच परत आले.

इथं ती गोष्ट संपू शकली असती. पण बिल आणि डॉक्टरांच्या पत्नी अ‍ॅन यांनी त्यांना घरी घेतलं, शुद्धीवर आणलं, सांभाळलं. त्यानंतरचा त्यांचा शेवटचा पेला १० जून १९३५ चा धरतात, आणि तोच दिवस ए.ए. आपला जन्मदिवस मानते. जगभर पसरलेली ती संगती दोन माणसांच्या पहिल्या भेटीपासून आपलं वय मोजत नाही, एक जण घसरून परत आल्यापासून मोजते. तुमची आठवड्याची बैठक कशी हवी, याचं उत्तर मला त्या तारखेत दिसतं. घसरलेल्याला त्याच आठवड्यात परत येता आलं पाहिजे. बाकी सगळी मांडामांड त्यासाठी.

आता जागेचं बोलू. आपल्याकडं 'बसणं' या साध्या शब्दाचा अर्थच दारू होऊन गेला आहे. 'आज बसायचं का?' म्हटलं की कोल्हापुरात कुणी 'कुठं, कशासाठी' असं विचारत नाही. दारू सोडणाऱ्याची बाटली तर जातेच, पण त्याहून मोठं काहीतरी जातं: संध्याकाळी सात वाजता जिथं त्याच्या येण्याची वाट बघितली जायची ती जागा. रस्सा मंडळातले मित्र जातात, पगाराच्या दिवसाची गंमत जाते. घरी लवकर गेलं तर बायकोला संशय, मुलांना अवघडलेपण. त्या रिकाम्या तीन तासांत माणूस पुन्हा पितो. तेव्हा पंचांशी बोलताना 'व्यसनमुक्ती सेवा' वगैरे जड नावं घेऊच नका. बसायला जागा मागतोय म्हणा.

आणि त्यांना हेही आठवून द्या की आपली मंडळीच अशा जागेतून उभी राहिली. १८५२ मध्ये रेव्हरंड वाइल्डर कोल्हापुरात आले, तेव्हापासून इथं मिशनचं काम सुरू झालं. आपल्यातल्या कितीतरी घरांचे पणजोबा गावच्या पंगतीला बसू शकत नव्हते. ज्यांना बसता येत होतं, त्यांनी बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांच्याच भाऊबंदांनी त्यांना पंगतीतून उठवलं. मग कुणीतरी आवारात सतरंजी टाकली म्हणून आपण आहोत. ज्या गावात शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना चहाचं दुकान घालायला मदत केली आणि स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घेतला, बरोबरच्या लोकांनाही घ्यायला लावला, त्या गावात कुणाबरोबर बसायचं हा प्रश्न आपण नव्यानं विचारायचा नाही.

चहाचंच म्हणाल तर तो चांगल्या दुधाचा करा, आणि बरोबर पोटाला आधार होईल असं काहीतरी ठेवा, पोहे नाहीतर भडंग. उपाशी पोट, राग, एकटेपणा आणि थकवा या चार वेळा पहिल्या घोटाच्या असतात, हे तुम्ही मीटिंगमध्ये शंभरदा ऐकलं असेल. फौंड्रीतून थेट येणाऱ्यामध्ये त्यातल्या दोन तर असतातच. आठवड्याचा हिशेब ज्या दिवशी हातात पडतो तीच संध्याकाळ निवडा; शुक्रवार नसेल तर शनिवार. खुर्च्या गोल मांडा, पुलपिटाकडं पाठ आली तरी चालेल. एखादं लहानसं स्तोत्र वाचा, थोडा वेळ शांत बसा, मग ज्याला बोलायचंय तो तीन-चार मिनिटं बोलेल. त्याच्या बोलण्यावर कुणी उपदेश करायचा नाही, वचन फेकायचं नाही. पाळकसाहेब आले तर तेही इतरांसारखे गोलात बसतील आणि स्वतःचंच बोलतील. शेवटी प्रभूची प्रार्थना. संपल्यावर ज्यांना घरी जायची धास्ती वाटते त्यांना घेऊन गंगावेशीत दूध कट्ट्यावर जा. रात्री दहापर्यंत माणूस चार जणांत राहिला की पुष्कळ काम होतं.

एका गोष्टीवर मात्र मी हट्टानं बोलणार आहे. आपल्या मंडळ्यांमध्ये घरातली बातमी चहाडी म्हणून कधी फिरत नाही, ती प्रार्थनेची विनंती म्हणून फिरते. 'अमक्यासाठी प्रार्थना करा हं, तो पुन्हा सुरू झालाय.' बुधवारच्या प्रार्थनासभेत एवढं वाक्य आलं की रविवारपर्यंत साऱ्या मंडळीला कळतं. गोलात जे बोललं गेलं ते बाहेर नेणं म्हणजे त्या माणसाला पुन्हा बारकडं ढकलणं आहे, आणि नेणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. नाव घेऊन प्रार्थना करायची असेल तर आपल्या खोलीत, दार लावून करा. येशूनं डोंगरावरच्या प्रवचनात तसं सांगितलेलंही आहे. हा नियम पहिल्या दिवशी मोठ्यानं वाचा, आणि दर बैठकीला वाचत राहा.

आता दुसऱ्या पंचांचं म्हणणं, प्रार्थना पुरेशी आहे हे. इथं मला माझ्या घरातलं सांगावं लागेल.

माझा मोठा भाऊ रोज प्यायचा, सकाळपासून. मी तेव्हा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, होस्टेलवर होते. वडील उपदेशक. एका प्रार्थनासभेत भावानं रडून शपथ घेतली आणि त्या रात्रीपासून दारू एकदम बंद केली. घरी आनंद झाला. दुसऱ्या दिवशी त्याचे हात इतके कापायला लागले की आई भरवत होती. तिसऱ्या दिवशी तो अंथरुणावरून नसलेले किडे वेचायला लागला, वारलेल्या आजोबांशी बोलायला लागला. भेटायला आलेल्यांनी सांगितलं, हा दुष्टात्मा आहे, बाहेर पडताना झटापट करतोय. खोलीचं दार लावून रात्रभर प्रार्थना झाली. चौथ्या दिवशी पहाटे त्याला फिट आली आणि तो गेला. वर्षभरानं वर्गात सरांनी फळ्यावर दारू सुटतानाची लक्षणं लिहिली, तेव्हा मी वही मिटून बाहेर गेले. आईनं पत्रात जे जे लिहिलं होतं ते सगळं त्याच क्रमानं फळ्यावर होतं.

रोज, वर्षानुवर्षं पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीशी तोल साधायला स्वतःला सतत चढवून ठेवतो. दारू अचानक काढली की तो चढलेलाच राहतो. पहिल्या दिवसातच घाम, थरथर, झोप उडणं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो, ताप चढतो, आणि त्यात माणूस दगावू शकतो. दवाखान्यात हे सगळं औषधानं आवरता येतं, बी-१ जीवनसत्त्व देता येतं, आठवड्याभरात धोका टळतो. म्हणून तुमच्याकडं कुणीही येऊन 'आजपासून बंद' म्हणाला तर पहिला प्रश्न: रोज किती, आणि सकाळी घ्यावी लागते का? सकाळी लागत असेल तर आधी डॉक्टर. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६ आहे, मानसिक आरोग्याची १४४१६. राहून उपचार घ्यायचे असतील तर पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून काम करतं आहे. गोळ्या, पावडर किंवा इंजेक्शनची नशा करणारा कुणी आला तर तिथंही आधी डॉक्टरच. अफूच्या जातीचं व्यसन काही काळ सोडून पुन्हा पहिल्याइतकीच मात्रा घेतली की जीव जातो, कारण शरीराची ती सवय गेलेली असते.

तुमच्या पंचांना माझा निरोप द्या. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता आणि प्रेषित पौल त्याला 'प्रिय वैद्य' म्हणतो. माझ्या वडिलांचा विश्वास कमी नव्हता. त्या रात्री प्रार्थनेबरोबर एक रिक्षा हवी होती.

याच ओघात दोन गोष्टी. हॉलमध्ये गाद्या टाकून माणसं ठेवून घेऊ नका, घरचे हातापाया पडले तरी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांतून येणारे मानसिक आजार धरलेले आहेत. नोंदणी नसताना राहते उपचार देता येत नाहीत, आणि माणसाला साखळीनं बांधायला स्पष्ट मनाई आहे. दुसरं, 'न सांगता दारू सोडवा' म्हणून जेवणात मिसळायच्या गोळ्यांपासून घरच्या बायकांना सावध करा. डायसल्फिरामची गोळी पोटात असताना दारू घेतली तर छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, जिवावर बेतू शकतं. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. ती गोळी डॉक्टरनं द्यायची आणि घेणाऱ्यानं जाणूनबुजून घ्यायची.

आणि त्यावरूनच तुम्ही न विचारलेला प्रश्न: उपासनेत भाकर आणि द्राक्षारस वाटतात त्या तुमच्या प्रभुभोजनाच्या प्याल्यात काय असतं? आंबलेला द्राक्षारस असेल तर ती गोळी घेणाऱ्याला घोटभरसुद्धा नको, आणि इतरांनाही तो वास पुरे होतो. १८६९ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीच्या थॉमस वेल्च या दंतवैद्यानं द्राक्षांचा रस तापवून न आंबणारा केला, तो आपल्या मेथडिस्ट चर्चच्या प्रभुभोजनासाठीच. तुम्हाला तर तासगावचे बेदाणे हाताच्या अंतरावर आहेत. रात्री भिजत घाला, सकाळी उकळून, कुस्करून गाळा, उरलेला ठेवू नका. फक्त एक करा: तो रस सगळ्या मंडळीला द्या. दोघांसाठी वेगळा पेला ठेवला की ते दोघं कोण, हे सगळ्यांना कळलं. भावाला अडखळण होत असेल तर द्राक्षारस न पिणं बरं, असं पौलानं रोमच्या मंडळीला लिहिलंच आहे (रोम. १४:२१).

लेकीबाळींची काळजी ज्यांनी बोलून दाखवली त्यांना मी मुळीच चुकीचं म्हणणार नाही. दारूचा मार बायकांनी खाल्लेला आहे. पिऊन आलेला माणूस हाकलायचा नाही, पण गोलातही घ्यायचा नाही. दाराजवळ खुर्ची, हातात चहा, शेजारी एक जण. गाडीची किल्ली काढून घ्यायची आणि दोघांनी घरी सोडायचं. 'पुढच्या आठवड्यात ये,' एवढंच बोलायचं. बायकांचा गोल वेगळा ठेवा, वेगळ्या खोलीत, आणि तो एखाद्या बाईनंच चालवू दे. त्यात नवऱ्याच्या दारूनं पिचलेल्या बायका येतील; अशा घरच्यांसाठीच १९५१ मध्ये अल-अनॉन सुरू झालं. आज ना उद्या एखादी स्वतः पिणारी बाईही येईल. ती आपल्या समाजात नाही असं समजू नका. ती फक्त दार लावून पिते.

त्या बायकांना एक गोष्ट कुणीही म्हणायची नाही: 'त्यानं पश्चात्ताप केलाय, आता घरात घे.' पाळकसाहेबांनीही नाही. क्षमा तिनं कधी करायची हे ती आणि देव ठरवतील, आणि क्षमा केली तरी घरात घ्यायचं का, हा निराळा प्रश्न राहतो. चाळीस दिवस न प्यायलेल्या नवऱ्याची वकिली मंडळीनं केली आणि एक्केचाळिसाव्या दिवशी तिचा हात मोडला, तर तो मंडळीनं मोडला.

धर्मांतराच्या आळाचं उत्तर मोकळेपणात आहे. मी ख्रिस्ती आहे. येशूचं नाव खिशात लपवा असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण आडून काही करू नका. दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात. ए.ए.चा गट कुठल्याही धर्माचा नसतो. आपापल्या समजुतीप्रमाणे देव, एवढंच ते म्हणतात, आणि आपला खर्च आपणच भागवतात, म्हणून हॉल दिलात तर थोडं भाडंही देतील. ते घ्या, त्यांच्या स्वावलंबनाचा तो भाग आहे. त्या बैठकीत मंडळीचं काही नको, पत्रक नको, भजन नको. दुसरी संध्याकाळ मंडळीची, आणि तिच्या पाटीवर स्वच्छ लिहा की इथं प्रार्थना आणि शास्त्रवाचन होतं. कॅलिफोर्नियातल्या सॅडलबॅक चर्चमध्ये १९९१ पासून सुरू झालेलं सेलिब्रेट रिकव्हरी हे उघडपणे ख्रिस्ती आहे, येशूच्या 'धन्य ते' या वचनांवर बेतलेलं आहे, आणि त्याबद्दल कुणाची फसगत होत नाही. दुसऱ्या धर्माचा माणूस कुठंही येवो, त्याच्या घरच्यांना ठाऊक असू दे. तो आपलं गंध लावून बसेल, अंबाबाईला जाऊन येईल. त्याला कुणी टोकायचं नाही. बाप्तिस्म्याचं त्यानं स्वतः विचारलं तरी पहिलं वर्षभर थांबायला सांगा. नुकता पाण्याबाहेर ओढलेला माणूस दोरीवाला जे म्हणेल त्याला हो म्हणतो. तसला होकार आपण घ्यायचा नसतो.

पैशांचं थोडक्यात: रोख हातात देऊ नका, उसनेसुद्धा. मुलांची फी शाळेत भरा, किराणा घरी पोचवा. आणि दानपेटीचा हिशेब नव्या माणसाकडं 'विश्वास दाखवायला' म्हणून सोपवू नका. ती परीक्षा होते, तीही न मागितलेली.

३१ डिसेंबरचं आत्ताच ठरवून ठेवा. पिणं सोडलेल्याला ती रात्र वर्षातली सगळ्यात लांब वाटते. आपल्याकडं त्या रात्री वर्षअखेरची उपासना असतेच, दिवे लागलेले असतात, हॉल उघडा असतो. संध्याकाळी सातपासून हॉलमध्ये रस्सा शिजू दे, कॅरम मांडा, आणि मध्यरात्री सगळे मिळून उपासनेला बसा. गटारीलाही असंच काहीतरी करा. तुम्हाला याची किंमत सांगायला नको.

पंचांशी भांडू नका. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात आपण पैसा उधळून घरी परतलेल्या धाकट्यावरच थांबतो. थोरला बाहेर अंगणात रुसून उभा होता, आणि बाप त्याचीही समजूत घालायला बाहेर गेला. तुमचे तिघे पंच ते थोरले भाऊ आहेत. वर्षानुवर्षं त्यांनी इमानानं मंडळी सांभाळली आहे. त्यांच्याकडून कायमची परवानगी मागू नका. तीन महिने, आठवड्यातली एक संध्याकाळ, किल्ली एका पंचांकडंच राहील, आणि त्यांच्यातल्या एकानं येऊन चहा वाटावा. उपदेश करायला बोलावू नका, चहा वाटायलाच बोलवा. चार आठवडे ते ऐकतील, मग कुणाला काही समजावावं लागणार नाही.

आणि तुमची स्वतःची मीटिंग सोडू नका. सहा वर्षांच्या माणसाला वाटतं, आता मी देणारा झालो. तुमच्या या बैठकीत तुम्ही यजमान असाल, तिथं तुमचं मन हलकं होणार नाही. त्यासाठी तुमचा जुना गट, तुमचे स्पॉन्सर, म्हणजे तुम्हाला हात देणारे जुने सदस्य, हवेतच. रात्री अकराला येणारे फोन एकट्यानं घेऊ नका. तिघांचे नंबर द्या, वार वाटून घ्या.

आता तो तरुण. सुरुवात कुठून करू, असं विचारलंत. हॉलच्या परवानगीआधी त्याच्या घरापासून करा. रविवारी जाऊ नका, रविवारी तो घरी सापडणार नाही. आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी, सकाळी कामावर निघायच्या आधी, एकटेच जा. बायबल हातात नको. त्याला सांगा, 'नाताळला तुला पुढं उभं केलं ते माझं चुकलं. मला माफ कर.' तो काय प्यायला, किती, हे विचारू नका. चर्चला ये म्हणू नका. तुम्ही स्वतः किती वेळा घसरला होता, तेवढं खरं खरं सांगा. त्यानं तुम्हाला सहा वर्षांचाच बघितलंय, त्याआधीचा नाही. चहा दिला तर बसून प्या. निघताना त्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर अजून आहे का, तेवढं बघायला सांगा.

भेट झाली की मला दोन ओळी लिहा. त्यानं दार उघडलं नाही, तरीही लिहा.

तुमची,
ताई